मी छापलेला काळा चौकोन

मी एक जुने छपाईयंत्र आहे. पायाने चालवायचे, म्हणून छापखान्यात मला ट्रेडल म्हणत. पण मालक लाडाने 'गडी' म्हणायचे आणि तेच नाव मला चिकटले. यंत्र हा शब्द नपुंसकलिंगी आहे, हे मला ठाऊक आहे. तरी मी गड्यासारखाच बोलणार. आयुष्यभर दुसऱ्यांचे व्याकरण सांभाळले, आता स्वतःचे माझे मी बघेन.

सध्या मी एका झेरॉक्सच्या दुकानाच्या दारात उभा आहे. कागद ठेवायच्या माझ्या फळीवर कुंड्या मांडल्या आहेत आणि चाकाला लोक छत्र्या अडकवतात. परवा एकाने विचारले, "हे जुनं शिवणयंत्र का हो?" मी राग गिळला. लोखंडाला तेवढे जमते. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय भंगारात जायचे नाही, हे मी केव्हाच ठरवले आहे. ती गोष्ट एका शब्दाची आहे. शब्द जुना आहे, पुस्तकी आहे, आणि चारचौघांत कोणी उच्चारला की ऐकणारे पायाच्या अंगठ्याकडे बघू लागतात. मित्रांनो, तुम्ही माझ्याकडे बघा.

माझा जन्म एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतले, थंड केले, कानस मारली, आणि माझे हातपाय तयार झाले. चार जणांनी मला छापखान्यात उचलून आणले आणि चौघांनीही कंबर धरली. माझे काम तसे सोपे. मजकूर म्हणजे शिशाचे खिळे, एकेका अक्षराचा एकेक. ते जुळवून लोखंडी चौकटीत आवळायचे आणि चौकट माझ्या छातीवर बसवायची. पाय मारला की चाक फिरते, रूळ खाली उतरून खिळ्यांना शाई लावतात, समोरची पाटी कागद घेऊन मिटते आणि उघडते. त्या मिटण्या-उघडण्यात माझी उमेदीची सारी वर्षे गेली, आणि ती चांगली गेली.

लग्नपत्रिका मी किती छापल्या त्याला गणती नाही. निधनाची पत्रके छापली, औषधाच्या बाटल्यांवरची लेबले छापली, एका साप्ताहिकाचे राशिभविष्य छापले. मालकांना माझा अभिमान होता. ते अंगाने भारदस्त, मनाने भिडस्त आणि लोक काय म्हणतील या विचाराने अर्धे वाळलेले. दुसरे होते कंपोझिटर मामा. खिळे जुळवणारे ते एकटेच, आणि मालकांपासून टपालवाल्यापर्यंत सगळ्यांचे मामा. त्यांची बोटे खिळ्यांच्या कप्प्यांतून न बघता फिरायची आणि तोंड त्याहून वेगाने.

एके दिवशी बाई आल्या. शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेल्या, बुटक्या, चपळ, आणि बोलताना समोरच्याच्या शर्टाचे चुकलेले बटणही दुरुस्त करतील अशा. त्यांनी शब्दकोश तयार केला होता. मोठ्या छापखान्यांनी हात वर केले होते, कारण एकट्या बाईने केलेला कोश कोण घेणार? मालक हो म्हणाले. भिडस्त माणसाला नाही म्हणता येत नाही, त्याचा कधी कधी जगाला फायदा होतो.

काम मुंगीच्या पावलाने चालले. आमच्याकडे खिळे मोजकेच. दोन पाने जुळवायची, छापायची, मग तेच खिळे सुटे करून ज्याच्या त्याच्या कप्प्यात टाकायचे, आणि पुढची दोन पाने घ्यायची. म्हणजे एकदा पान छापून झाले की ते मोडले. मागे फिरायची सोय नाही. अ पासून निघालो ते म पर्यंत पोचेतो मामांचा चष्मा बदलला आणि माझे रूळ नवे आले.

प्रूफे तपासायला बाईंबरोबर त्यांची थोरली बहीण यायची. बाई तिला ताई म्हणत, म्हणून आम्हा सगळ्यांचीच ती ताई. माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून ताई मूळ कागद मोठ्याने वाचायच्या आणि बाई प्रूफावर पेन्सिल फिरवायच्या. ताईंचा आवाज असा मऊ की कोशातल्या शिव्यासुद्धा त्यांच्या तोंडून आशीर्वादासारख्या निघायच्या. मूळव्याध, मेद, मेंदू, मेला, मेषपात्र, सगळे त्यांनी एका सुरात वाचले. पुढच्या पानावर 'मैत्री' वाचली. त्यानंतरच्या शब्दावर त्यांनी बोट ठेवले आणि त्या थांबल्या. कागद न बोलता बाईंकडे सरकवला. बाईंनी तो शब्द आणि त्याचा अर्थ स्वतःच वाचून घेतला, तोही मनात. मग ताई 'मैदा'पासून पुढे सुरू झाल्या.

तो शब्द होता मैथुन.

मालक कधी प्रूफे वाचत नसत. पण मामांनी त्या दिवशी गालातल्या गालात हसत ते पान त्यांच्यासमोर धरले. मालकांनी वाचले आणि त्यांचे कान लाल झाले.

"बाई," ते घसा खाकरून म्हणाले, "हा एक शब्द गाळला तर?"

"गाळायचंच असतं तर मी चाळणी घेऊन बसले असते. कोश कशाला केला?"

"तसं नव्हे. पुस्तक शाळेत जाणार. पोरं उघडणार."

"पोरं शब्दकोशात पहिल्यांदा हेच शोधतात, मी इतकी वर्षं शिकवलंय. शोधू देत की. भिंतीवर वाचण्यापेक्षा इथे वाचतील."

"माझ्या घरी दोन मुली आहेत हो," मालक काकुळतीला आले. "माझ्या छापखान्यात लग्नपत्रिका छापतात लोक!"

"मग लग्नपत्रिका छापताना नाही लाज वाटत?" बाईंनी चष्मा वर केला. "अहो, शब्द तरी काय आहे बघा. मिथुन म्हणजे जोडी. तुम्ही दर आठवड्याला छापता ना, 'मिथुन: प्रवासाचे योग'? तोच तो. मिथुनाचं ते मैथुन. जोडीचं जे असतं ते. जुन्या ग्रंथांत लग्नालाही हा शब्द लावलेला आहे. आणि त्याच्याही मागे गेलात तर संस्कृतात मिथ् असा धातू आहे. भेटणं, जवळ येणं, एकमेकांशी जोडलं जाणं. गंमत म्हणजे भांडणंसुद्धा त्याच धातूत येतं."

"मग आमचा अख्खा संसार त्याच धातूचा आहे," मामा खिळ्यांच्या कप्प्यांमागून म्हणाले. "त्यातलं भांडण जरा जास्त ओतलंय."

ताई हसल्या नाहीत. त्या स्टुलाच्या कडेवरचा शाईचा डाग नखाने खरवडत होत्या.

"आणि तयारी ठेवा," बाई उठता उठता म्हणाल्या, "स ला गेलो की संभोग आहे, समागम आहे. एकत्र घ्यायचा भोग तो संभोग, एकत्र यायचं तो समागम. या सगळ्या शब्दांत कुठे ना कुठे दोघं आहेत. आपण जगातला एकही वाईट माणूस काढू शकत नाही, आणि शब्द तेवढा काढायला निघतो."

मालकांनी मान डोलावली. बाईंना वाटले, पटले. मला मालकांची मान ओळखीची होती. ती भिडेची मान होती.

ते पान छापायचे त्या दिवशी मामा दाढ काढायला गेले होते. छापखान्यात मालक आणि मी. मालकांनी दार लोटून घेतले, चिमटा आणला आणि आवळलेली चौकट सैल करून त्या शब्दाच्या तीन ओळी उचलल्या. त्या थाळीत ठेवल्या, वर वर्तमानपत्र टाकले, आणि मोकळ्या जागेत कोरे ठोकळे बसवले.

मित्रांनो, छापखान्यात रिकामी जागासुद्धा शिशाची असते. दोन शब्दांमधले अंतर, ओळीच्या शेवटी उरलेला मोकळा भाग, सगळीकडे शिसेच असते. फक्त ते खिळ्यांपेक्षा बुटके, म्हणून रुळाची शाई त्याला लागत नाही आणि कागद तिथे पांढरा राहतो. पण चौकट गच्च आवळलेली हवी. ती सैल राहिली तर प्रत्येक दाबासरशी हे बुटके ठोकळे केसाकेसाने वर चढतात. एकदा का खिळ्यांच्या उंचीला आले की तेही शाई घेतात आणि कागदावर काळेकुट्ट उमटतात. मालकांना हे माहीत होते. यावरून त्यांनी कैक कामगारांना झापले होते. रोज ते स्वतः चौकटीवर लाकूड ठेवून हातोडीने ठोकत, एक कोपरा उचलून बघत, काही हलते का. त्या दिवशी त्यांनी काही ठोकले नाही, काही उचलले नाही. चोरून केलेल्या कामाला घाई असते.

मला लगेच कळले. छातीवरची चौकट नीट बसली नव्हती. प्रत्येक दाबाला तिच्यात बारीक हालचाल होत होती. पण मला तोंड नाही, फक्त जबडा आहे.

पहिले काही कागद स्वच्छ निघाले. मालकांनी ते पाहिले, नि:श्वास सोडला आणि मग त्या पानाकडे बघायचेच टाकले. त्यांना ते बघवत नव्हते. उजव्या हाताने कोरा कागद भरवायचा, डाव्याने छापलेला ओढून पालथा टाकायचा, आणि नजर खिडकीबाहेर. कागद संपत आला तेव्हा एक ताव हातातून निसटून फरशीवर उताणा पडला. 'मैत्री' आणि 'मैदा' यांच्या मधोमध एक काळा चौकोन बसला होता. धुरकट डाग नव्हे. चांगला ठसठशीत, कोणीतरी मुद्दाम काळे फासल्यासारखा.

मालकांनी गठ्ठा उलटा केला. वरचे थोडे कागद सोडले तर सगळीकडे तेच. आधी करडी रेघ, मग पट्टी, मग चौकोन. सगळ्या कोशात जी एक जागा कोणाच्या नजरेत येऊ नये म्हणून त्यांनी हा उपद्व्याप केला, तिथेच आता सगळ्यांची नजर पहिल्यांदा जाणार होती. मालक माझ्या पायट्यावर मटकन बसले.

नेमक्या त्याच वेळी दार ढकलून बाई आणि ताई आत आल्या. त्यांच्या मागे मामा, गालाला रुमाल बांधून.

"हे काय आहे?" बाईंनी ताव उजेडात धरला.

"डाग पडला," मालक म्हणाले.

मामांनी ताव हातात घेतला आणि सुजलेल्या तोंडाने जमेल तसे म्हणाले, "डाग चौकोनी नसतो मालक. ठोकळे वर आलेत." मग त्यांनी थाळीवरचे वर्तमानपत्र उचलले. तीन ओळी तिथे निमूट पडल्या होत्या.

बाईंचा आवाज चढला. त्या काय काय बोलल्या ते सगळे मी सांगत नाही, पण त्यातला बराचसा भाग त्यांच्याच कोशात सापडेल. त्या पानाच्या वाट्याचा कागद संपला होता. तसाच जास्तीचा कागद मिळायला किती महिने लागतील सांगता येत नव्हते. बाई म्हणाल्या, "मी उरलेलं काम उचलून नेते. ज्याला एक शब्द सहन होत नाही, त्याच्याकडे भाषा छापायला द्यायचीच कशाला?"

मालक आधी मान खाली घालून ऐकत होते. मग त्यांनाही राग आला. "चुकलं माझं! पण बाई, एक सांगा. हा एक शब्द नसला, तर कोणाचं काय अडणार आहे?"

"माझं अडलं," ताई म्हणाल्या.

बाई म्हणाल्या, "ताई, राहू दे." पण ताई स्टुलावर बसल्या, हात मांडीवर घेतले आणि मालकांकडे बघून बोलू लागल्या.

"लग्न झालं तेव्हा मी चांगली तेवीस वर्षांची होते. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. फार चांगला होता हो. आम्ही एका खोलीत दोन खाटांवर झोपायचो. तो मला घड्याळांच्या गोष्टी सांगायचा, मी ऐकता ऐकता झोपायचे. त्यालाही काही माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. आई आमच्या लहानपणीच गेलेली. मला वाटायचं, एका घरात राहिलं, जीव लावला, की मूल होतं. होईना. मग सासूबाई डॉक्टरकडे घेऊन गेल्या."

मामांनी रुमाल सोडून हातात घेतला.

"डॉक्टर मोठे शिकलेले. सासूबाई शेजारी बसलेल्या. डॉक्टरांनी मला विचारलं, मैथुन होतं का? आता मला काय कळणार? मला वाटलं, पोट साफ होतं का, असंच काहीतरी मोठ्या भाषेत विचारतायत. 'म्हणजे काय' म्हणायची लाज वाटली. मी मान हलवली. ते म्हणाले, नियमित? मी म्हटलं, हो, रोज."

कोणी हसले असते तर ताईंना चालले असते, असे मला वाटते. कोणी हसले नाही.

"झालं. त्यांनी सांगितलं, बाकी सगळं ठीक आहे, दोष हिच्यातच. दोन वर्षं कडू औषधं प्यायले. मग माहेरी आणून सोडलं, वांझ म्हणून. त्याचं दुसरं लग्न लावून दिलं. ती जाणती होती, तिला तिच्या मावशीनं सगळं सांगून पाठवलेलं. त्यांना मुलं झाली. मला कधी कळलं? ही धाकटी कॉलेजात गेली तेव्हा. तो शब्द मी पाठ ठेवला होता, तो हिच्या पुस्तकात आला. घरी येऊन हिनं मला सांगितलं. मी आधी खूप हसले. मग आठ दिवस कोणाशी बोलले नाही."

बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या होत्या. म्हणाल्या, "मी तेव्हा जुन्या कोशात बघितलं. त्या शब्दापुढे लिहिलं होतं, 'समागम पहा'. समागमापुढे लिहिलं होतं, 'मैथुन पहा'. त्या दिवशी ठरवलं, कोश करायचा."

मालक उठले. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मी नवा कागद आणतो. कुठूनही आणतो. पान पुन्हा छापू."

"नको," मामा म्हणाले. "तो शब्द तेवढा वेगळ्या पट्टीवर छापू. चौकोनावर पट्टी चिकटवायची. ओळी जुळलेल्याच आहेत."

त्यांनी थाळीतल्या तीन ओळी उचलायला हात घातला, तसा ताईंनी तो धरला.

"त्या ओळी वाचा बघू आधी."

मामा खिळ्यांची उलटी अक्षरे सरळ वाचत. त्यांनी वाचले, "मैथुन: स्त्रीपुरुषसमागम, रतिक्रीडा, संभोग. मिथुनावरून."

"हे वाचून मला तेव्हा काय कळलं असतं?" ताईंनी बहिणीला विचारले. "माझ्यासाठी कोश केलास म्हणतेस. मग एका कुलपाला दुसरं कुलूप का लावलंस?"

बाई वळल्या. म्हणाल्या, "कोशाची भाषा अशी असते, ताई."

"असू दे. ज्यांना ती भाषा येते, त्यांना शब्दही येतो. ज्यांना येत नाही, ते कुठे जातील?"

बाईंनी कानामागची पेन्सिल काढली. मग म्हणाल्या, "सांग. तू सांग, मी लिहिते."

ती पट्टी लिहायला सगळी दुपार गेली. ताई सांगायच्या, बाई खोडायच्या, ताई पुन्हा सांगायच्या. मालक मध्येच म्हणाले, "त्यात 'मर्जीने' घाला. दोघांच्या मर्जीने." सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिले. ते म्हणाले, "माझ्या घरी दोन मुली आहेत." हेच वाक्य त्यांनी आधी भीतीने म्हटले होते. बाई म्हणाल्या, "घालू. मुळातच जोडी आहे, अर्थातही दोघं दिसू देत." एका वाक्यावर मात्र बहिणींची जुंपली. बाई म्हणाल्या, हे कोशात शोभत नाही. ताई म्हणाल्या, "हे वाक्य मला हवंय. बाकी तुझ्या मनासारखं कर." ते वाक्य राहिले.

मामांनी खिळे जुळवले. मालकांनी चौकट आवळली, लाकूड ठेवून ठोकली, चारही कोपरे उचलून पाहिले, पुन्हा आवळली. मी दाब दिला तो माझ्या अंगात होता नव्हता तेवढा सगळा. पहिली पट्टी ओलसर निघाली. बाईंनी ती तपासायला घेतली आणि सवयीने मूळ कागद ताईंपुढे सरकवला. ताईंनी बोट ठेवले. या वेळी त्या थांबल्या नाहीत. शब्द स्वच्छ निघाला.

"मैथुन. दोघांनी एकमेकांच्या मर्जीने शरीराने एकत्र येणे. मूल राहते ते यातून. नुसते एका घरात राहिल्याने राहत नाही. मिथुन म्हणजे जोडी, त्यावरून हा शब्द."

"बरोबर," बाई म्हणाल्या आणि पेन्सिलीने खूण केली. खूण करताना टोक मोडले.

छापखान्यात पट्ट्या चिकटवायला मोठे टेबल नव्हते. मालक म्हणाले, "माझ्या घरी आहे," आणि गठ्ठे स्वतः उचलून घरी घेऊन गेले. सगळ्या घराने बसून पट्ट्या चिकटवल्या. थोरल्या मुलीने विचारले, "बाबा, याच्याखाली काळं कशानं झालंय?" मालकांनी तिला खरे ते सांगितले. हे त्यांनी दुसऱ्या दिवशी मामांना सांगितले तेव्हा मी ऐकले. त्यानंतर आम्ही स पर्यंत पोचलो, संभोग आला, समागम आला. मालकांनी एक चकार शब्द काढला नाही. फक्त त्या पानांच्या चौकटी त्यांनी स्वतः आवळल्या.

कोश बांधून आला. पहिली प्रत ताईंनी मागून घेतली, पिशवीत घातली आणि मामांना म्हणाल्या, "माझ्याबरोबर चला. एकटीचे पाय लटपटतील." त्या त्याच डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर आता म्हातारे झाले होते, पण दवाखान्यात बसत होते. पुढचे मामांनी परत आल्यावर माझ्या चाकावर हात ठेवून सांगितले.

डॉक्टरांनी विचारले, "काय होतंय?"

ताई म्हणाल्या, "काही होत नाही. फार वर्षांपूर्वी तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता. मी हो म्हटलं होतं. ते हो परत घ्यायला आलेय." आणि पान उघडून समोर ठेवले.

डॉक्टरांनी पट्टी वाचली. बोट फिरवून पुन्हा वाचली. मग ते हळूच म्हणाले, "मी समजावून विचारायला हवं होतं."

"हो," ताई म्हणाल्या, "हवं होतं."

ताईंना जन्मभर 'जाऊ द्या' म्हणायची सवय होती. त्या दिवशी त्या जाऊ द्या म्हणाल्या नाहीत. कोश त्यांनी टेबलावरच ठेवला. "पुढची बाई आली आणि तिनं मान हलवली, तर हे तिला वाचून दाखवा. सासूला बाहेर बसवून," असे सांगून त्या निघाल्या. जिना उतरताना पाय लटपटले का, असे मी मामांना विचारू शकलो नाही. मामा आपण होऊनच म्हणाले, "मला धाप लागली, इतक्या भराभरा उतरल्या."

पुढे नवी यंत्रे आली. शिशाचे खिळे वितळवून टाकले. मामा गेले, मालकांनी छापखाना विकला, आणि मी कुंड्यांचा झालो. माझ्या सांध्यांत गंज आहे. कोणी तेल घालत नाही, आणि मित्रांनो, मी तुमच्याकडे तेल मागतही नाही. लोखंडाचे काय, ते गंजायचेच.

मी मागतो ते दुसरेच. शब्द कितीही जुना असो, कितीही लाजरा असो, तो पानावर राहू द्या. आणि त्याचा अर्थ असा सांगा की ज्याला ठाऊक नाही त्याला कळेल. आणि कोणी मोठ्या माणसाने, मोठ्या खुर्चीवरून, मोठ्या शब्दांत तुम्हाला काही विचारले, आणि ते तुम्हाला कळले नाही, तर मान हलवू नका. शेजारी कोण बसले आहे ते बघू नका. त्याच्या डोळ्यांत बघून विचारा, "म्हणजे काय?" तो सांगेपर्यंत उठू नका.